न मोडलेल्या फांद्या

आप्पांच्या वहीत दर पानाला एक माणूस होता. वर नाव, खाली जन्मतारीख, जन्मवेळ, जन्मगाव. मग पट्टी न लावता काढलेला चौकोन, त्यात दोन कर्ण, त्यावर आणखी एक तिरका चौकोन, की झाली बारा घरं. घराघरांत ग्रहांची आद्याक्षरं. चौकोनाखाली निळ्या शाईत भाकीत, आणि काही पानांवर त्या भाकिताशेजारी लाल रिफिलनं केलेली ठसठशीत टिक.

आप्पा म्हणजे माझे थोरले काका. नोकरी सांभाळून पत्रिका बघायचे. कुणाकडून कधी पैसा घेतला नाही, त्यामुळे लबाडीचा संशय घ्यायला जागाच नव्हती. संख्याशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला असताना एकदा मी ती वही पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळली आणि विचारलं, "आप्पा, ही टिक म्हणजे?"

"बरोबर आलं."

"आणि चुकलं की कोणती खूण?"

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "चुकलेलं सांगायला कोण येतंय?"

उत्तर अगदी प्रामाणिक होतं. ज्याचं लग्न सांगितलेल्या महिन्यात जमतं तो आनंदानं सांगायला येतो. ज्याचं जमत नाही तो आपल्या कामाला लागतो, किंवा दुसऱ्या ज्योतिषाकडे जातो. वहीतल्या निम्म्याहून अधिक पानांवर कसलीच खूण नव्हती, आणि आप्पांच्या मनात त्या पानांचा अर्थ "अजून कळलं नाही" असा होता. पंधरा पंधरा वर्षं जुनी पानं, अजून कळलं नाही. आप्पांना मात्र वही उघडली की लालच दिसायचं. खोटं कुणीच बोललेलं नव्हतं, तरी वही खोटी झाली होती.

आपल्याकडे म्हणतात, कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली. संस्कृतात यालाच काकतालीय न्याय म्हणतात, तिथे फांदीऐवजी ताडाचं फळ पडतं. म्हण शहाणी आहे, पण ती योगायोग गृहीत धरून मोकळी होते. कावळा खरंच जड असेल तर? फांदी त्याच्यामुळेच मोडली असेल तर? हे ठरवायचं असेल तर मोडलेल्या फांदीकडे कितीही वेळ बघून उपयोग नाही. कावळा बसला आणि फांदी मोडली, हे एक घर. बसला पण मोडली नाही, हे दुसरं. बसला नाही तरी मोडली, हे तिसरं. बसलाही नाही आणि मोडलीही नाही, हे चौथं. चारही घरांत आकडे भरल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, एवढंच आम्हाला पहिल्या वर्षी शिकवलं होतं, फार मोठ्या नावानं आणि फळ्यावर बरीच ग्रीक अक्षरं काढून. पत्रिकेला बारा घरं लागतात, तिची पडताळणी चारांत होते. आप्पांच्या वहीत त्यातलं एकच घर भरलेलं होतं.

माझे वडील गेले तेव्हा मला साडेसाती चालू होती, शेवटची अडीच वर्षं. आप्पांनी हे आधी सांगितलं नव्हतं, दिवस झाल्यावर सांगितलं, आणि सांगताना त्यांचाही आवाज चिरकला, कारण गेलेला माणूस त्यांचा सख्खा धाकटा भाऊ होता. त्या वेळी मला ते ऐकून बरं वाटलं, हे कबूल करते. दुःखाला काहीतरी वेळापत्रक आहे, ते संपणार आहे, असं कुणी सांगितलं की माणूस त्याला धरून बसतो. हिशेब सुचला तो बऱ्याच महिन्यांनी. माझ्या भावाची रास वेगळी. त्याला साडेसाती नव्हती. वडील मात्र त्याचेही गेले होते.

मग पुढचा हिशेब आपोआप झाला. शनीला बारा राशी फिरायला साधारण साडेएकोणतीस वर्षं लागतात. चंद्रराशीच्या आधीची रास, ती रास आणि तिच्या पुढची रास, या तिघींत तो असतो तेव्हा साडेसाती. बारांतल्या तीन, म्हणजे चौथा हिस्सा. कोणत्याही क्षणी पृथ्वीवरच्या चारांपैकी सुमारे एका माणसाला साडेसाती चालू असते. तेव्हा जगातल्या अपघातांपैकी, घटस्फोटांपैकी, बुडालेल्या धंद्यांपैकी सुमारे पंचवीस टक्के साडेसातीत घडणारच, शनीनं बोटही हलवलं नाही तरी. दावा खरा असेल तर हा आकडा पंचवीसाच्या बराच वर जायला हवा. तसा तो जातो, असं दाखवणारी मोजणी मला कुठल्याही ज्योतिषग्रंथात मिळालेली नाही. मिळतात ती उदाहरणं, आणि उदाहरणं म्हणजे लाल टिका.

पुढे माझं पोट आकड्यांवरच चालू लागलं. औषधांच्या चाचण्यांची माहिती तपासायची, हे माझं काम. तिथला पहिला नियम असा की गोळी खरी आहे की नुसती साखरेची, हे रोग्यालाही ठाऊक नसावं आणि तपासणाऱ्या डॉक्टरलाही नसावं. डॉक्टर लबाड असतात म्हणून हा नियम केलेला नाही. चांगल्या माणसाचे डोळेसुद्धा त्याला हवं ते बघतात म्हणून केला आहे. आप्पांइतका चांगला माणूस मी पाहिलेला नाही.

म्हणूनच २००८ साली महाराष्ट्रात ज्योतिषाची चाचणी घेणार असल्याचं वाचलं तेव्हा मला सगळ्यात आधी तिची आखणी बघावीशी वाटली. जयंत नारळीकर, पुणे विद्यापीठातले संख्याशास्त्राचे सुधाकर कुंटे, अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे नरेंद्र दाभोलकर आणि एके काळी स्वतः ज्योतिष केलेले प्रकाश घाटपांडे, अशी ही चौकडी. त्याआधी काही वर्षं, २००१ साली, विद्यापीठ अनुदान आयोगानं विद्यापीठांत ज्योतिर्विज्ञानाचे अभ्यासक्रम सुरू करायचं ठरवलं होतं. त्याविरुद्धची याचिका २००४ साली सर्वोच्च न्यायालयानं फेटाळली. दोन्ही बाजूंनी लेख लिहून झाले होते, सभा झाल्या होत्या, आवाज चढवून झाले होते. पत्रिका घेऊन मोजायला बसणं तेवढं राहिलं होतं.

आखणी साधी होती, आणि साधी होती म्हणूनच मला आवडली. शंभर हुशार मुलं आणि शंभर बौद्धिक अक्षमता असलेली मुलं, अशा दोनशे मुलांचे जन्मतपशील कार्यकर्त्यांनी जमवले आणि त्यांवरून पत्रिका तयार झाल्या. त्यांची सरमिसळ करून प्रत्येक ज्योतिषाला चाळीस पत्रिका पाठवायच्या. कोणती पत्रिका कोणत्या गटातली, एवढंच त्यानं सांगायचं. नावं नाहीत, चेहरे नाहीत, समोर बसलेली काळजीत पडलेली आई नाही. फक्त ग्रह.

हा शेवटचा भाग किती महत्त्वाचा आहे, हे आप्पांच्या बैठकीत बसलेल्या कुणालाही कळेल. माणूस दारातून आत येतो तेव्हाच अर्धी पत्रिका वाचून होते. आप्पा म्हणायचे, "घरात आजारपण दिसतंय." समोरचा मान हलवायचा. आप्पा थांबायचे. मग समोरचाच बोलायला लागायचा, आईचं, गुडघ्याचं, ऑपरेशनचं, आणि जाताना सांगायचा की आप्पांनी सगळं बरोबर ओळखलं. मी कोपऱ्यात बसून बघायचे. आप्पा एकच वाक्य बोललेले असायचे.

एक्कावन्न ज्योतिषी सहभागी व्हायला तयार झाले. उत्तरं आली सत्तावीस जणांची. चाळीसपैकी सर्वांत जास्त बरोबर आली चोवीस, एका ज्योतिषाची. त्याच्या खालोखाल दोघांची बावीस. बाकीचे चोवीस जण वीसवर किंवा त्याखाली. शिवाय एका ज्योतिष संस्थेनं सगळ्या दोनशे पत्रिका तपासल्या, तिची एकशे दोन बरोबर निघाली. २००९ साली हे निष्कर्ष 'करंट सायन्स'मध्ये छापून आले.

इथे क्षणभर थांबायला हवं, कारण चाळीसपैकी चोवीस म्हणजे साठ टक्के, आणि साठ टक्के म्हटलं की आपल्याला लगेच फर्स्ट क्लास आठवतो. पण ही परीक्षा हो किंवा नाही या उत्तरांची होती. ज्याला काहीच येत नाही, जो दर पत्रिकेला नाणं उडवून उत्तर लिहितो, त्यालाही सरासरी वीस गुण मिळतात. नेमके वीसच मिळतात असंही नाही. नाण्याला कुठे ठाऊक आहे वीसवर थांबायचं ते? कधी सतरा, कधी तेवीस. चाळीस वेळा नाणं उडवलं तर चोवीस किंवा त्याहून जास्त छापा पडायची शक्यता सुमारे तेरा टक्के असते. सत्तावीस जणांनी नुसती नाणी उडवली असती तरी त्यातल्या तीन-चार जणांनी चोवीस गाठावी, अशी अपेक्षा ठेवायला हरकत नव्हती. प्रत्यक्षात एकानं गाठली. शंभरात एखाद्यालाच निव्वळ नशिबानं साधेल असा आकडा हवा असेल, तर तो अठ्ठावीस आहे. तिथपर्यंत कुणीही पोचलं नाही. आणि दोनशेंत एकशे दोन हा आकडा इतका नाण्यासारखा आहे की शिकवताना उदाहरण म्हणून घ्यावा.

आता माझ्यातला तपासनीस गप्प बसत नाही, म्हणून एक आक्षेप मीच घेते. समजा, ज्योतिषात थोडंसंच तथ्य आहे, शंभरात पंचावन्न वेळा बरोबर येण्याइतकं. तसं असेल तर चाळीस पत्रिकांची चाचणी एकेका ज्योतिषापुरती अपुरी आहे, कारण चाळीसात पंचावन्न टक्के म्हणजे बावीस, आणि वीस आणि बावीस यांतला फरक एवढ्याशा मोजणीत दिसत नाही. पण सत्तावीस जणांची उत्तरं एकत्र घेतली की एक हजार ऐंशी उत्तरं होतात, आणि तिथे पंचावन्न टक्के स्वच्छ दिसले असते. सहाशेच्या जवळपास बरोबर यायला हवी होती. वीसवर किंवा त्याखाली असलेल्या त्या चोवीस जणांना उदार मनानं सरसकट वीस देऊन टाकले तरी एकूण बेरीज पाचशे अठ्ठेचाळीसच्या पुढे जात नाही. नाण्याची अपेक्षित बेरीज पाचशे चाळीस.

तरीही "संख्याशास्त्रानं ज्योतिष खोटं ठरवलं" असं कुणी म्हटलं की मी अस्वस्थ होते. एक विशिष्ट दावा तपासला गेला: मुलाची बुद्धी त्याच्या जन्मपत्रिकेवरून ओळखता येते, हा. तो नापास झाला. दुसरा दावा तपासायचा असेल तर दुसरी चाचणी लावावी लागेल. अमेरिकेत शॉन कार्लसन यांनी अशीच एक लावली होती, ती १९८५ साली 'नेचर'मध्ये आली. एक पत्रिका, तीन माणसांची व्यक्तिमत्त्व-चाचणीतून निघालेली वर्णनं, त्यातलं पत्रिकेच्या मालकाचं कोणतं ते ओळखायचं. अठ्ठावीस ज्योतिषी होते, ज्योतिषांच्याच संघटनेच्या शिफारशीनं आलेले, आणि निम्म्या वेळा तरी बरोबर येईल असं ते म्हणत होते. बरोबर आली ती तिनांत एक, म्हणजे डोळे मिटून निवडल्यावर येतात तेवढीच. कार्लसन यांच्या गणितावर नंतर वाद झाले, होऊ द्यावेत. मला त्यातली एक गोष्ट फार भावते. किती बरोबर आलं म्हणजे जिंकलो, हे दोन्ही बाजूंनी आधी ठरवलं होतं. निकालानंतर गोलपोस्ट हलवायला कुणालाच जागा ठेवली नव्हती.

आता माझी फजिती. ती सांगितली नाही तर आप्पांवर अन्याय होईल.

ती वही चाळली त्याच वर्षी मला वाटलं, आपणच का मोजू नये? वर्गात सगळ्यांना राशी विचारल्या. बहुतेकांना माहीत होत्या, उरलेल्यांनी घरी विचारून आणल्या. सहा पेपरांचे गुण हाताशी होतेच. बसून तक्ते केले आणि एका रात्री खुर्चीतून उडालेच. एका राशीची मुलं एका पेपरात इतरांपेक्षा चांगलीच पुढे होती. सूत्रात आकडे घातले, उत्तर आलं की नुसत्या योगायोगानं इतका फरक पडायची शक्यता विसांत एकाहून कमी. आमच्या शास्त्राच्या रिवाजानुसार हा दखलपात्र निष्कर्ष. रास कोणती ते सांगत नाही, उगाच त्या राशीच्या लोकांना पंख फुटतील.

दुसऱ्या दिवशी आप्पांना सांगितलं. त्यांना झालेला आनंद मी विसरणार नाही. "बघ, तुझं शास्त्रही तेच म्हणतंय," म्हणाले, वहीचं नवं पान काढलं, माझा निष्कर्ष निळ्या शाईत लिहून घेतला आणि शेजारी लाल टिक केली.

आठवड्याभरानं डोक्यात उजेड पडला. बारा राशी, सहा पेपर, म्हणजे मी बहात्तर तुलना केल्या होत्या. विसांत एकदा योगायोगानं घडणारी गोष्ट बहात्तर वेळा करून पाहिली तर ती तीन-चार वेळा घडणारच. मी बहात्तर फांद्यांवर कावळे बसवले आणि मोडलेली एक उचलून नाचत घरी आले. पुढच्या वर्षी खालच्या वर्गावर तोच हिशेब केला, या वेळी फक्त ती एकच रास आणि तो एकच पेपर. ती मुलं अगदी मधोमध होती. हेही आप्पांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. टिक तशीच राहिली.

माझ्या क्षेत्रातली एक जुनी, प्रसिद्ध गोष्ट मी पुढे नवीन मुलांना नेहमी सांगत आले. १९८८ साली हृदयविकाराच्या झटक्यावर अ‍ॅस्पिरिनचा उपयोग होतो का, याच्या एका प्रचंड चाचणीचे निकाल 'लॅन्सेट'मध्ये आले. रोगी १७,१८७. अ‍ॅस्पिरिननं जीव वाचतात, हे अगदी लख्ख दिसलं. पण अमुक वयाच्या रोग्यांचं काय, तमुक गटाचं काय, असे बारीक तुकडे पाडून दाखवायचा आग्रह झाला, तेव्हा संशोधकांनी एक तुकडा आपल्या मनानं पाडला: सूर्यराशीप्रमाणे. निघालं असं की मिथुन आणि तूळ राशीच्या रोग्यांना अ‍ॅस्पिरिननं फायदा तर नाहीच, उलट किंचित तोटा होतो, आणि बाकीच्या दहा राशींच्या रोग्यांचे मृत्यू मात्र अठ्ठावीस टक्क्यांनी घटतात. सतरा हजार माणसं, चोख आखणी, आणि तरी हा वेडेपणा. थट्टाच होती, पण मोठ्या हेतूनं केलेली. तुकडे पाडत गेलात तर आमच्या उत्तम चाचणीतूनही राशीभविष्य निघेल, हे त्यांना दाखवायचं होतं.

पुढे कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतात पीटर ऑस्टिन आणि सहकाऱ्यांनी हेच आणखी ऐसपैस केलं, २००६ साली. एक कोटीहून अधिक रहिवाशांच्या रुग्णालयातल्या नोंदी घेतल्या, माणसांचे दोन भाग केले आणि पहिल्या भागात प्रत्येक राशीला चिकटणारे आजार शोधले. सगळ्याच राशींना मिळाले. मग तेच संबंध दुसऱ्या भागात तपासले. बहुतेक गळून पडले. सिंह राशीचा पोटातला रक्तस्राव आणि धनू राशीचं दंडाचं मोडलेलं हाड, एवढे दोन टिकले, आणि आपण किती तुलना केल्या याची भरपाई गणितात घातल्यावर तेही गेले. ती धनू राशीची मोडकी हाडं मला फार आवडतात. कुणी जर फक्त तेवढंच छापलं असतं, तर धनुर्धराच्या दंडावर प्रवचनं झाली असती.

आकडे एवढ्याच वाटेनं फसवतात असं नाही. कधी माहितीच बिघडलेली असते. महाराष्ट्रातल्या एखाद्या जुन्या पिढीची सरकारी कागदांवरची जन्मतारीख घेऊन कुणी सूर्यराशीचा अभ्यास केला, तर एका तारखेला ढीग लागलेला दिसेल: १ जून. शाळेत नाव घालताना खरी तारीख ठाऊक नसली की गुरुजी १ जून लिहून टाकायचे. आता ज्या पेशात ग्रामीण भागातून आलेले लोक जास्त, त्या पेशात १ जूनवाले जास्त, आणि मग वर्तमानपत्री भविष्यातली मिथुन रास अमुक पेशाला अनुकूल असते असा "आकडेवारीनं सिद्ध" निष्कर्ष काढायला कुणाची हरकत आहे! गुरुजींच्या टाकाचा तो पराक्रम.

फ्रान्समध्ये मिशेल गोकलाँ यांनी आयुष्यभर हा विषय मोजला. पारंपरिक ज्योतिष त्यांना टिकताना दिसलं नाही, पण नावाजलेल्या खेळाडूंच्या जन्मवेळी मंगळ नुकताच उगवलेला किंवा नुकताच माथ्यावरून गेलेला असण्याचं प्रमाण अपेक्षित १७ टक्क्यांऐवजी २२ टक्के भरलं. त्यावर अनेक वर्षं भांडण चाललं: खेळाडू कसे निवडले, कुणाला वगळलं. १९९६ साली फ्रेंच चिकित्सकांच्या समितीनं हजारहून अधिक खेळाडूंची स्वतंत्र मोजणी प्रसिद्ध केली, तीत हा परिणाम दिसला नाही. नोंदवताना आईवडीलच जन्मवेळ शुभ घडीकडे थोडी सरकवत असावेत, असाही एक खुलासा पुढे आला. आपल्याला तो ऐकून फार आश्चर्य वाटू नये. मूळ नक्षत्र टळावं म्हणून दहा मिनिटं इकडची तिकडे झालेल्या पत्रिका आप्पांच्या वहीतही होत्या. आणि याच गोकलाँनी एकदा जाहिरात देऊन लोकांना फुकट व्यक्तिभविष्य पाठवलं. दीडशे जणांची उत्तरं आली, चौऱ्याण्णव टक्के म्हणाले, हे हुबेहूब माझंच वर्णन. सगळ्यांना एकच मजकूर गेला होता, डॉक्टर पेतिओ नावाच्या, अनेकांचे खून पाडून १९४६ साली गिलोटिनवर गेलेल्या माणसाच्या पत्रिकेचा.

हे सगळं वाचून हसायला येतं. मंगळ दारात आला की हसू येत नाही. आमच्या नात्यातल्या एका मुलीचं जमत आलेलं लग्न मंगळावरून फिसकटलं, तेव्हा मी रागानं कागद घेऊन बसले. पत्रिकेतल्या पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या किंवा बाराव्या घरात मंगळ असला की पत्रिका मंगळाची. बारांतली पाच घरं. म्हणजे ढोबळ मानानं बेचाळीस टक्के माणसं. काहीजण दुसरं घरही धरतात, मग पन्नास टक्के. पत्रिकेच्या लग्नावरून म्हणजे पहिल्या घरावरून, चंद्रावरून आणि शुक्रावरून, अशी तीनदा मोजली तर जवळपास ऐंशी टक्के माणसं कुठे ना कुठे सापडतात. जो दोष ऐंशी टक्क्यांना असतो त्याला दोष म्हणत नाहीत, त्याला माणूस म्हणतात. नुसती पाच घरं धरली तरी, पत्रिका न बघता लग्नं केली तर एकाला मंगळ आणि दुसऱ्याला नाही अशी जोडपी जवळजवळ निम्मी, शंभरात एकोणपन्नास. जगात बहुतांश लग्नं पत्रिका न बघताच होतात. त्यातली निम्मी अशी कोसळत असती तर ते कळायला संख्याशास्त्र लागलं नसतं.

तो कागद मी आप्पांना दाखवला. त्यांनी बेरजा तपासल्या, एक चूक काढली (दुसऱ्या घराच्या वेळी मी भागाकार चुकवला होता), आणि म्हणाले, "म्हणून तर परिहार दिलेत." परिहार म्हणजे मंगळ असूनही नसल्यासारखा कधी धरायचा, त्याचे नियम. त्यांची यादी मूळ नियमापेक्षा कितीतरी लांब आहे.

चाचणीचा निकाल छापून आल्यावर आमचं सविस्तर बोलणं झालं. आप्पा चिडले नाहीत. "हुशार की मंद, हे विचारायला माझ्याकडे कुणी येतच नाही," म्हणाले. "लग्न कधी, नोकरी कधी, बदली कुठे. ते तपासा." मला हा मुद्दा पटला. म्हटलं, ठीक आहे, तेच तपासू. तुम्ही भाकीत महिन्यासकट लिहा, मुदत संपली की मी त्या माणसाला फोन करून विचारेन. आलं तर लाल टिक, नाही आलं तर काळी फुली. रिकामं पान ठेवायचं नाही. आप्पांनी वहीच्या मागच्या बाजूनं नवी सुरुवात केली आणि वर स्वतःच्या हातानं दोन्ही खुणांचा अर्थ लिहिला.

आप्पा जाऊन आता बरीच वर्षं झाली. वही माझ्याकडे आहे. मागच्या बाजूची पहिली काही पानं बघण्यासारखी आहेत. "फाल्गुनाच्या आत विवाह." फुली. "मार्च किंवा एप्रिलमध्ये बढती." फुली. "दिवाळीपूर्वी घराचं काम पूर्ण." टिक. "जूनमध्ये बदली." फुली. फुल्या माझ्या हातच्या नाहीत, त्यांच्याच आहेत. मी फोनवर कळवायचे आणि ते काढायचे, एकही चुकवलेली नाही.

साताठ पानांनंतर महिने दिसेनासे होतात. आधी "वर्षअखेरीपर्यंत" येतं, मग "येत्या काळात", मग "गुरुबळ लाभताच". वाक्यं लांब होत जातात, त्यांत "शक्यता", "अनुकूलता", "अडथळ्यांतून मार्ग" असे शब्द यायला लागतात. हे त्यांनी जाणूनबुजून केलं असं मला वाटत नाही. फुली काढताना हात जड होत असणार, आणि हातानं आपली वाट शोधली.

शेवटच्या भरलेल्या पानावर एका मुलाची पत्रिका आहे, परदेशी जायचं का म्हणून विचारायला आलेल्या. खाली एकच ओळ: "प्रयत्नांती कार्यसिद्धी, विलंब संभवतो." मुदत नाही, खूण नाही. ठरल्याप्रमाणे मी त्या मुलाला फोन केला होता. तो म्हणाला, व्हिसा एकदा नाकारला, दुसऱ्यांदा अर्ज केलाय, बघू. मी लाल आणि काळं अशी दोन्ही रिफिलं समोर घेऊन त्या ओळीपुढे बराच वेळ बसून राहिले.